आक्कांची भरपाई

आक्कांवर मी जळते म्हणलं तर घरात कुणाला पटायचं नाही, कारण तोंडानं मी कधी चकार शब्द काढला नाही. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माजलगावात एकाच अंगणात आमची दोन घरं. त्यांना मूल नाही. माझी एकुलती एक लेक लहानपणी जेवायला त्यांच्याकडं, झोपायला त्यांच्याकडं, मार खायला तेवढी माझ्याकडं. मग जळू नको तर काय करू?

या लेकीचं डोहाळजेवण बंगळुरात ठरलं. डॉक्टरांनी तिला प्रवास नको म्हणून सांगितलं होतं, म्हणून आम्हीच जायचं. बातमी देताना पहिला प्रश्न तिचा काय, तर "आई, आक्का येणार हायत ना?" आई कशी येणार, हे विचारायला तिला फोन ठेवायच्या वेळी आठवलं.

आक्कांचं विमानाचं तिकीट त्यांच्या पुण्याच्या भाच्यानं काढलं. "तुमचंबी काढू का?" त्यानं मला विचारलं. मी म्हणलं, काही गरज न्हाई. त्यांच्या माणसाचे उपकार माझ्या डोक्यावर कशाला? तडक मोंढ्याजवळच्या ऑनलाइन सेंटरवर गेले. सातबारा म्हणा, पीकविमा म्हणा, आमच्याकडं सगळं तिथंच होतं आणि फॉर्मवर नंबर सेंटरवाल्याचाच पडतो. ओटीपी त्याच्याच फोनवर येतो, खेटे वाचतात. "मावशी, माझाच नंबर टाकतो," तो म्हणाला. टाक की बाबा, म्हणलं. आक्कांच्याच विमानात जागा मिळाली होती, मला तेवढंच बास होतं.

पहाटे गाडी करून निघालो. हिरवी साडी, बांगड्या, लाडवांचे डबे, सगळं मांडीवर. नगर मागं पडलं आणि आक्कांचा फोन वाजला. मेसेज होता, विमान रद्द. मी म्हणलं, "कायतरी फसवाफसवी असंल, आक्का. मला कावून आला न्हाई मग मेसेज?" पुण्यात विमानतळावर काउंटरवरच्या पोरीनंही तेच सांगितलं. पुढची जागा दुसऱ्या दिवशी रात्रीची, आणि डोहाळजेवण त्याच दिवशी सकाळी. लेकीची ओटी तिच्या सासूनं भरली. ती आम्ही भाच्याच्या सोफ्यावर शेजारी शेजारी बसून मोबाइलमधे पाहिली.

तिकिटाचे पैसे दोघींनाही परत आले. पण भाचा म्हणाला, असं ऐनवेळी विमान रद्द केलं तर कंपनीला वर भरपाई द्यावी लागते, अर्ज करा. आक्कांनी केला. मीही केला, सेंटरवरून. महिन्याभरात आक्कांची भरपाई जमा! आणि मला काय उत्तर आलं, तर तिकीट काढताना प्रवाशानं स्वतःचा नंबर दिलेला नाही, सबब भरपाई देता येत नाही. सेंटरवाला वर तोंड करून सांगतो, "मेसेज आलता मावशी, पण दिवसाला लई मेसेज येतात." मेल्या, तुझ्या तर!

माझा नुसता जळफळाट झाला. विमान एक, दिवस एक, लेक माझी, आणि भरपाई त्यांना. आक्का म्हणाल्या, "अगं, यातले अर्धे घे तू." मी म्हणलं, "राहू द्या, मला काय करायचेत?" त्या रात्री जेवण गेलं नाही.

पुन्हा अर्ज करायचा, असं मी ठरवलं. आक्कांनी असं लिहिलं तरी काय, ते पाहावं म्हणून त्यांच्याकडनं अर्जाचा कागद मागून घेतला. भाच्यानं इंग्रजी करायच्या आधीचा, त्यांच्या हातचा. त्यांच्याच ओट्यावर बसून वाचला. 'माझ्या मुलीचं पहिलं डोहाळजेवण होतं. मला तिची ओटी भरायची होती.' खाली भाच्यानं कंपनीचं उत्तर मराठीत उतरवलं होतं. आपल्या मुलीच्या कार्यक्रमाला आपल्याला मुकावं लागलं, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

माफीसुद्धा त्यांनाच! माझ्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. आणि ओटी कसली? ओटीला आमच्यात लेकुरवाळ्या बायका लागतात. बंगळुरात कुणी कुणी भरायची, ती यादी मीच केली होती, आणि तिच्यात आक्का नव्हत्या.

"आक्का, माझी मुलगी म्हणून कावून लिहिलं तुमी?"

त्या तूर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिथं मला कोण वळखतंय? म्हणलं, एकदा लिहून बघावं."

मी कागदाची घडी घालून परत दिला आणि पुन्हा अर्ज केला नाही. लोकांना वाटेल, तेव्हा माझं मन विरघळलं. कुठलं काय! घरी येऊन मी माझा अर्ज काढून पाहिला. गाडीभाडं लिहिलं होतं, पेट्रोल लिहिलं होतं, दोन वेळचं खाणं लिहिलं होतं. लेकीचा उल्लेख मी कुठंच केला नव्हता.