कमरजहाँची साक्ष

कामशेतच्या कमरजहाँ मणियारणीचा नवरा १९३५ सालच्या मार्गशीर्षात तिकोणा पेठेला नवरीचा चुडा भरायला गेला, तो परत आला नाही. नूरमहंमद त्याचं नाव. पुढं पवनेच्या काठी त्याची बांगड्यांची पेटी सापडली. आत एकही बांगडी फुटलेली नव्हती.

त्याला शेवटचं पाहिलं ते पेठेतल्या हौशीरामनं. नदीपर्यंत तोच सोबतीला आला होता, आणि सकाळी दोघांची कशावरून तरी बाचाबाची झालेली लोकांनी ऐकली होती. पोलिसांनी हौशीरामला धरलं. कमरजहाँ प्रत्येक तारखेला कोर्टात जाऊन बसायची. याला शिक्षा झाली की आपल्याला झोप लागेल, असं तिला वाटायचं. पण प्रेत नाही, हत्यार नाही, पाहणारा कुणी नाही. हौशीराम सुटला.

त्यानंतर तिला आवाज येऊ लागला. दिवेलागणीला दाराबाहेर कुणी पेटी खाली ठेवावी तसा, आणि मागोमाग बांगड्यांची बारीक किणकिण. दार उघडलं की रस्ता मोकळा. आधी ती घाबरली. मग त्या आवाजाची वाट बघू लागली.

दीर नसीरनं नूरमहंमदच्या बांगड्यांच्या दुकानाला कुलूप घातलं होतं. निकाहात ते दुकान तिच्या मेहेरात, म्हणजे नवऱ्यानं बायकोला द्यायच्या हक्काच्या ऐवजात, लिहिलेलं होतं, पण नवरा वारला किंवा लग्न तुटलं तरच ते तिच्या हाती यायचं. नसीर म्हणायचा, "भाऊ जिता हाय. तो आला की देईल."

शेवटी ती वडगावच्या मोकाशी वकिलांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नवा कायदा आलाय," ते म्हणाले. "मुसलमान बाईचा नवरा चार वर्षं बेपत्ता असला तर तिला लग्न मोडून मागता येतं."

"मला त्यांना सोडायचं न्हाई."

"मग थांबा. ज्यांना खबर लागायला हवी त्यांना सात वर्षं काहीच कळलं नाही, तर दिवाणी कोर्ट माणूस मेला असं धरून चालतं."

"त्या कोर्टानं तर मेल्याचा पुरावा न्हाई म्हनून हौशीरामला सोडला."

"ते फौजदारी. तिथं सरकार एखाद्याला शिक्षा मागतं, म्हणून शंका राहिली की माणूस सुटतो. दिवाणीत दोघांतला तंटा असतो, ज्याची बाजू जड त्याला मिळतं. आणि लग्न, मेहेर, वारसा हे ज्याच्या त्याच्या धर्माच्या कायद्यानं."

"पन वकीलसाहेब, मानूस येकच हाय. ते मेले का जिते?"

वकिलांनी चष्मा काढला. "ते कायद्याला ठाऊक नसतं, बाई. खरं काय ते कळलं नाही, तरी मागं राहिलेल्यांनी कसं वागायचं, तेवढं तो ठरवून देतो."

सात वर्षं सरल्यावर नसीरविरुद्ध दुकानाचा दावा उभा राहिला. साक्षीच्या पिंजऱ्यात तिला शपथ दिली. न्यायाधीशांनी विचारलं, "इतक्या वर्षांत नवऱ्याचं काही ऐकलं का?"

आदल्या संध्याकाळीच तर दाराशी पेटी टेकली होती. कोर्ट थांबून राहिलं.

"न्हाई," ती म्हणाली. "कायबी ऐकलं न्हाई."

त्या दिवशी दिवेलागणीला ती दार उघडं टाकून बसली. बाहेर काहीच वाजलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. निकाल तिच्या बाजूनं लागला, नसीरनं किल्ली आणून दिली, आणि काझींनी निकालाच्या दिवसापासून इद्दत, म्हणजे विधवेनं घरात बसून काढायचे चार महिने दहा दिवस, पाळायला सांगितली. ती घरात बसून राहिली. पोलिसांना खुनी सापडला नाही, पण आपण भर कोर्टात एका शब्दानं माणूस मारला, हे तिच्या मनातून जाईना. तिला कुणीच पकडणार नव्हतं. असं सुटून आलेलं माणूस घरात कसं राहत असेल, या विचारानं तिला पहिल्यांदा हौशीराम आठवला.

इद्दत संपली तशी ती बैलगाडीनं तिकोणा पेठेला गेली. हौशीराम ओट्यावर बसला होता. पार वाळला होता. तिला ओळखून तो उठून उभा राहिला.

"तुमी त्यांना मारलं का?" तिनं विचारलं.

"न्हाई, भाभी. पान्यापातुर आलो न् माघारी फिरलो. भांडलो व्हतो, म्हनून वळून बघितलं न्हाई. तेवडं बघायला पायजे व्हतं."

"कोर्टानं तर सोडलं तुमाला."

"सोडलं की. पन गावात माज्या हातचं पानी कुनी घेत न्हाई. पोरीला स्थळ येत न्हाई."

समोरच्या पारावरची माणसं इकडंच बघत होती. मग ती ओट्याच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "लांबून आलेय. पानी द्या."

हौशीरामच्या बायकोनं, बयाबाईनं, तांब्या आणला. कमरजहाँनं ओंजळ पुढं केली आणि सगळ्यांच्या देखत, सावकाश, पोटभर पाणी प्यायली.

पुढच्याच वर्षी हौशीरामच्या पोरीचं लग्न जमलं, आणि चुडा कमरजहाँनं भरला. हौशीरामचं खरं मानलं का, असं तिला कुणी विचारलं तर ती उत्तर देत नसे.