सोयाबीनच्या धुऱ्यावरचे तीन दिवे

कोमलने पाचवा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हा तिच्या मागे ट्रॅकपँट घातलेल्या आणखी चार पोरी उभ्या होत्या. विषय तोच. वीटभट्टी रोडवरचे तीन पोल पुन्हा बंद. पोरी पोलीस भरतीची तयारी करत होत्या आणि पहाटे पाचला त्या रोडवर पळायच्या. आमच्या गावात मैदान नाही, हायवेवर ट्रक. उरला हा एकच रोड.

"मॅडम, ग्राउंड एका महिन्यावर आलं," ती म्हणाली. ग्राउंड म्हणजे भरतीची मैदानी परीक्षा. "परवा अंधारात एक मोटरसायकलवाला मागं मागं आला. आई म्हणते, सोमवारपर्यंत लाईट नाही लागले तं पळणं बंद."

पळणं बंद म्हणजे भरती बंद, आणि यंदा भरती झाली नाही तर स्थळं पाहायची, हे घरात ठरलेलंच होतं. हे ती बोलली नाही, मागची मैत्रीण बोलली.

मारेगाव पट्ट्यातल्या एका लहान नगरपंचायतीत मी इलेक्ट्रिकलची ज्युनिअर इंजिनिअर. माझा विभाग म्हणजे मी, वायरमन गजूभाऊ आणि एक शिडी. आधीच्या चार अर्जांची चौकशी आम्ही रीतसर केली होती. दरवेळी गजूभाऊ सकाळी अकराला जाऊन लाईन चालू करायचे आणि तिन्ही दिवे मस्त पेटायचे. रजिस्टरला शेरा पडायचा, 'दिवे सुस्थितीत, तक्रार निकाली.' खाली सही माझी. "पोरीयचा भ्रम आहे मॅडम," असं गजूभाऊंचं मत होतं.

पाच पोरींना एकच भ्रम कसा होईल? त्या संध्याकाळी मी स्कूटी काढली आणि वीटभट्टी रोडला जाऊन थांबले. साडेसहाला टायमरने दिवे लागले. तिन्ही. मी स्वतःवरच चिडले आणि निघणार, तेवढ्यात शेतातून खांद्यावर दुपट्टा टाकलेले एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांनी पहिल्या पोलचा डबा उघडला आणि फ्यूज ओढून काढला. डब्याला कुलूप नव्हतं, तोही आमचाच पराक्रम. मग दुसरा, मग तिसरा. रोड काळाकुट्ट झाला. फ्यूज त्यांनी दुपट्ट्यात नीट बांधले.

"काका, काय करून राह्यले तुम्ही?"

माणूस घाबरला नाही. "फ्यूज काढून राह्यलो, बाई. सकाळी सातला लावून देतो न. मी चोर नोहो."

घ्या! म्हणून दिवसा दिवे पेटत होते. माझा पारा चढला. सरकारी मालमत्ता, पोलीस केस, पोरींची सुरक्षितता, सगळं एका दमात ऐकवलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि मला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बोलावलं. नाव सांगितलं, बापूराव. मोबाईलचा टॉर्च मारून पाहिलं तर सगळं वावर पिवळं पडत आलेलं, शेंगांनी लगडलेलं. फक्त रोडलगतचा दहा-बारा तासांचा, म्हणजे ओळींचा, पट्टा हिरवागार, कमरेइतका माजलेला, आणि शेंग एक नाही.

"नवे लाईट लागले तवापासून हे असं," ते म्हणाले. "फ्यूज काढाले लागलो, आता कुठं फुलं धरून राह्यलं. म्या जुलैतच अर्ज देला होता, मॅडम. कोणी आलंच नाही."

दुसऱ्या दिवशी तो अर्ज फाईलमध्ये सापडला. 'दिव्यामुळे सोयाबीनला झोप येत नाही, तरी बंदोबस्त व्हावा.' मला लख्ख आठवलं, चहाच्या वेळी मीच तो मोठ्याने वाचून दाखवला होता आणि सगळं ऑफिस हसलं होतं. वर शेरा, 'दखल घेण्याजोगे नाही.' अक्षर माझं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कृषी सहायकाला फोन लावला. तो म्हणाला, म्हातारा बरोबर आहे. सोयाबीन रात्र मोजते. लांब काळोखी रात्र मिळाली तरच ती फुलावर येते. रात्रभर उजेड पडला की ती आपली नुसती वाढत बसते. इतकी वर्षं या सोयाबीनच्या मुलखात राहून मला हे ठाऊक नव्हतं.

मुख्याधिकारी साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हाताऱ्यावर केस करा, विषय संपवा."

"साहेब, मग त्याच्या अर्जावर मी काय लिहिलं, तेही ठाण्यात दाखवावं लागेल."

साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. "मग काय करता?"

मी म्हटलं, दिवे रोडकडे वाकवते आणि शेताच्या बाजूने पत्र्याचा आडोसा लावते. त्यांनी इस्टिमेट विचारलं. तेलाचे रिकामे पिपे कापू, म्हटलं. साहेब हसले आणि तुमच्या जबाबदारीवर करा म्हणाले.

रविवारी संध्याकाळी गजूभाऊ शिडीवर चढले. उजेड मोजायचं मीटर आमच्याकडे नव्हतं. म्हणून कोमलला भरतीचं पुस्तक देऊन रोडवर उभं केलं आणि बापूरावांना लग्नपत्रिका देऊन वावरात. अट साधी. रोडवर वाचता आलं पाहिजे, वावरात नाही. पहिला पत्रा लागला. कोमल भराभर वाचू लागली. बापूराव म्हणाले, मले काहीच दिसून नाही राह्यलं. आम्ही खूश! तेवढ्यात वरून गजूभाऊंनी विचारलं, "काका, चष्मा लावला काय?"

चष्मा घरी होता. तो आणल्यावर बापूरावांनी नवरदेवाच्या मामाचं नावसुद्धा घडाघडा वाचलं. पोरी रोडवर पोट धरून हसल्या, मीही हसले. पुन्हा पत्रा, पुन्हा वाकवणं. आठ वाजता एकदाचं जमलं. कोमलची आई दिवे पाहायलाच आली होती. तिसऱ्या पोलपर्यंत एकटीच चालत गेली, परत आली, आणि लेकीला म्हणाली, "जाय मंग उद्या." त्या तीन शब्दांवर मला रडूच आलं. बापूरावांच्या अर्जावरचा माझा जुना शेरा मी खोडला आणि नवा लिहिला, 'तक्रार खरी, दिव्यांना आडोसा केला.'

त्या पट्ट्याला शेंगा उशिरा आल्या, पण आल्या. यंदा बापूरावांनी तिथं कपाशी लावली, तिला रात्रीचा उजेड चालतो. कोमल ग्राउंडला पहिल्या दहात आली, लेखीही निघाली. आता ती ट्रेनिंगला आहे.

गेल्या आठवड्यात सहावा अर्ज आला. कोमलच्या आईचा. आता गल्लीतल्या बायका पहाटे त्या रोडवर फिरायला जातात, त्यांना पुढे आणखी दोन पोल हवेत. खाली बापूरावांचीही सही आहे. गजूभाऊ म्हणाले, उद्या अकराला जाऊन जागा पाहून येतो.

मी त्यांना थांबवलं. आम्ही संध्याकाळी सातला गेलो.