टेम्पोतला नाताळसण

आमच्या ह्यांचं डोकं एकदा फिरलं की फिरलं. लेकीनं नांदेडच्या ख्रिस्ती मुलाशी लग्न ठरवलं, तेव्हा हे तोंड फुगवून का होईना लग्नाला आले, पंगतीत स्वतःच्या हातानं बुंदी वाढली, आणि लातूरला घरी आल्यावर टोपी खुंटीला अडकवून म्हणाले, "झालं आपलं काम. आता तिनं ह्या घरात पाय ठेवायचा न्हाई."

मी म्हणलं, "मग बुंदी कशाला वाढली?"

तर म्हणे, "बुंदीचा काय दोष?"

आता ह्या माणसाशी काय बोलायचं, सांगा! आम्ही लिंगायत. गंजगोलाईच्या मागं आमचं किराणा-भुसाराचं दुकान. सकाळी कपाळाला भस्म लावून, लिंगपूजा करून मगच हे चहाला हात लावतात. नियमाला पक्के. पण नियम कुठला धरायचा आणि कुठला सोडायचा, हे सगळं ह्यांच्या मर्जीवर. लेकीचा फोन आला की टीव्हीचा आवाज वाढवायचे. आणि रात्री जेवताना ताटात बघत विचारायचे, "कुणाचा फोन आलता का आज?" कुणाचा म्हणजे कुणाचा, ते मी सांगत नसे. जळू दे म्हणायची जरा.

मला मात्र एकच हवं होतं. तिनं घरी यावं, स्वयंपाकघरात भिंतीला टेकून पाय पसरून बसावं, आणि माझ्या भाजीला नावं ठेवावीत. बस. दुसरं काही मागितलं नाही मी देवाजवळ.

दिवाळी आली आणि गेली. मी म्हणलं, जावयाचा पहिला सण आहे, दिवाळसणाला बोलवू. हे म्हणाले, "त्यांच्यात दिवाळी न्हाई. जो सणच न्हाई तो करायचा कसा?"  पण डिसेंबरात दुकानात एक जुनं गिऱ्हाईक आलं, आणि गूळ तोलून घेता घेता सहज म्हणालं, "काय सावकार, जावयाचा पहिला सण केला का न्हाई?" तेवढं वाक्य ह्यांना असं लागलं की दुपारचं जेवण गेलं नाही. संध्याकाळी घरी येऊन उभ्या उभ्या म्हणाले, "नाताळसण करायचा."

"काय करायचा?"

"नाताळसण. त्यांची दिवाळी म्हणजे नाताळ. मग जावयाचा पहिला सण नाताळाला. माझा राग लेकीवर हाय, सणावर न्हाई. आपण जायचं, सण द्यायचा, उलट्या पावली परत यायचं. ओटीबिटी काही न्हाई. आणि तिला घरी ये म्हणायचं न्हाई, आधीच सांगून ठेवतो."

मी मनात म्हणलं, चला, निदान गाडीनं नांदेडच्या दिशेनं तोंड तरी केलं.

सण द्यायचा म्हणजे पाटीभर गोडधोड न्यायचं, हे ह्यांच्या डोक्यात पक्कं. आणि नाताळ म्हणजे केक, हेही कुठूनतरी पक्कं. दोन्ही मिळून ह्यांनी ठरवलं की केक पाटीएवढा पाहिजे. दुकानातून विकत आणू म्हणलं तर डोळे वटारले. "पहिल्या सणाचं गोड विकतचं नेतात का कुठं? लोक थुंकतील तोंडावर." आणि अंडं तर आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. मग दह्यातला केक. मैदा दुकानातला, तूप दुकानातलं, बेदाणे, काजू, टुटीफ्रुटी सगळं दुकानातलं. लेकीचं तोंड बघायचं नाही म्हणणारा हा माणूस काजूचे तुकडे नको, अख्खे घाल म्हणून माझ्या मागं उभा! मला हसावं का रडावं कळेना.

आमच्याकडे दिवाळीला, ईदला बायका घरचा मैदा-तूप-साखर घेऊन बेकरीत जातात आणि भट्टीत नानकटाई भाजून आणतात. तशी मी केकाचं पीठ घेऊन गेले. ते ज्यात कालवलं होतं ती मांडवातली परात होती, बुंदी पाडायची. बेकरीवाले चाचा परातीकडं बघत राहिले. मग माझ्याकडं बघितलं.

"भाबी, इत्ता बडा केक कायकू?"

"पहिला सण हाय जावयाचा."

"सण? केक का?"

"तुम्ही भाजा हो, विचारू नका."

परात भट्टीच्या तोंडात जाईना. आडवी करून बघितली, तिरकी करून बघितली, तिरकी केल्यावर पीठ एका बाजूला वाहिलं आणि चाचा ओरडले. शेवटी त्यांनी भट्टीच्या तोंडाच्या वरच्या दोन विटा काढल्या. खरंच काढल्या. केक आत गेला, विटा परत लावल्या. भाजून निघाला तो एका बाजूला उंच आणि एका बाजूला बसका. पण वास असा सुटला की गल्लीतली कुत्री जमली.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. आमच्याकडे नवी वस्तू आली की, मग ती तराजू असो का टेम्पो, तिला भस्माचे तीन पट्टे ओढल्याशिवाय वापरात घेत नाहीत. नाताळाच्या दिवशी सकाळी मी डोक्याला तेल लावून येते तोवर ह्यांनी केकाला भस्म लावलं होतं. मधोमध, तीन बोटांनी, ठसठशीत.

"अहो, केक हाय तो!"

"मग? लांबचा प्रवास हाय."

टेम्पो दुकानाचाच. मागच्या हौद्यात गाद्या अंथरल्या, गाद्यांवर परात, परातीवर धुतलेलं धोतर. ह्यांनी पिण्याच्या पाण्याचा कॅनही बरोबर घेतला, आणि तो कशाला ते मी लगेच ओळखलं. कारण आमच्यात लेकीला लेकरू होईस्तोवर बाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. जुना नियम. आता कोण पाळतो? पण ह्यांना नाही म्हणायला काहीतरी पाहिजेच होतं, ते मिळालं. अहमदपूर, लोहा करत आम्ही निघालो. प्रत्येक खड्ड्याला हे टेम्पो हळू करायचे आणि मला म्हणायचे, "मागं बघ, बसला का?" मी जन्मात एवढी काळजी स्वतःसाठी बघितली नाही.

नांदेडला पोचलो तेव्हा ते लोक नुकतेच चर्चहून आले होते. दारावर मोठी चांदणी लावलेली, आत गोठ्याचा देखावा. येतो म्हणून मी फोन केला होता, पण लेक पळत बाहेर आली आणि ह्यांना खरंच आलेलं बघून जागीच थांबली. वाळली होती का काय, मला तर तसंच वाटलं. हे तिच्याकडं न बघता जावयाला म्हणाले, "धरा एका बाजूनं. जड हाय."

विहीणबाई म्हणजे माझ्या तोडीस तोड बाई. आम्ही शाकाहारी म्हणून त्यांनी सगळी भांडी नवी आणली होती, आणि शंका नको म्हणून पातेल्यांवरची स्टिकरंसुद्धा काढली नव्हती. टेबलावर करंज्या, शंकरपाळे, अनारसे, रव्याचे लाडू. म्हणजे आमचीच दिवाळी! केक मात्र कुठं दिसेना. मी विचारलं तर म्हणाल्या, "तुमच्यासाठी नाही केला हो ह्या वर्षी. अंड्याचा वासही नको घरात." आणि आम्ही बैलगाडीच्या चाकाएवढा केक घेऊन दारात उभे. त्यांनी भस्माचे पट्टे बघितले, म्हणाल्या, "पिठीसाखरेची नक्षी किती छान!" मी हळूच धोतराची घडी घालायला घेतली. 

लेक पाण्याचा तांब्या घेऊन आली.  हे म्हणाले, "लेकीच्या घरचं पाणी आम्ही घेत नसतो. लेकरू होईस्तोवर." आणि कॅन उघडला. पोरीचं तोंड एवढंसं झालं. माझं टाळकं असं सणकलं की तो कॅन ह्यांच्याच डोक्यावर ओतावा वाटलं.

पण विहीणबाई पदर खोचून पुढं आल्या. "बरं. नियम म्हणजे नियम. पण हा नियम घराचा ना? मग ओसरीत बसू."

टेबल ओसरीत आलं. हे म्हणाले, "ओसरी घराचीच."

टेबल अंगणात आलं. हे वर बघून म्हणाले, "ही चांदणी घराच्या लाइटीवर हाय."

जावयानं चांदणी बंद केली. तरी ह्यांचं, "अंगण कुणाचं?"

मग टेबल गल्लीत आलं, टेबलक्लॉथसकट. गल्लीतले लोक सणाचे कपडे घालून बघायला जमले. कुणीतरी विचारलं, "घर पाडायलेत का?" विहीणबाई म्हणाल्या, "नाही हो, व्याही जेवायलेत." मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि खरं सांगते, हसूही दाबता येईना.

ह्यांनी खुर्चीला हात लावला आणि काढून घेतला. "खुर्ची तुमची हाय."

तेव्हा विहीणबाईंनी इकडंतिकडं बघितलं, आणि बोट आमच्या टेम्पोकडं केलं. "हा कुणाचा?"

"माझा."

"मग हे तुमचंच घर ना?"

ह्यांनी जरा विचार केला. गल्ली बघत होती. "हाव," म्हणाले. "दुकानाचा टेम्पो म्हणजे आमचं घरच समजा."

"आणि मी विहीण म्हणून तुमच्या घरी फराळ पाठवला तर?"

"तो घ्यावाच लागतो. त्याला नाही म्हणता येत न्हाई."

झालं! करंज्या वर, लाडू वर, केकाची परात परत वर. हे गाद्यांवर मांडी घालून बसले, एकदम सावकार. मी बाजूला बसले. विहीणबाई आणि जावईही पाहुणे म्हणून चढले. जावयानं सुरी घेतली, आणि तेवढ्यात सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की लेक खाली उभी आहे. अनारशाची ताटली हातात धरून, रस्त्यावर.

ती म्हणाली, "अप्पा, मी वर येऊ का?"

 घरात पाय ठेवायचा नाही, हे ह्यांचंच बोलणं. टेम्पो म्हणजे घर, हेही ह्यांचंच, आत्ताचं, अख्ख्या गल्लीदेखत. हे टेम्पोच्या फळीकडं बघत बसले. मी म्हणलं, "आता बोला की! वाचा बसली का? लेक विचारायलीय तुम्हाला."

 ह्यांनी घसा खाकरला आणि तिच्याकडं न बघताच म्हणाले, "चप्पल काढून ये."

तिनं रस्त्यावर चपला काढल्या आणि चढली. आमच्या घरी कशी बसायची तशीच टेम्पोच्या फळीला टेकून पाय पसरून बसली. केक कापला. बसक्या बाजूला कच्चा होता, उंच बाजूला करपलेला, मधे भस्म. लेकीनं घास घेतला आणि म्हणाली, "आई, सोडा लई झालाय." माझे डोळे भरून आले. किती दिवसांनी माझ्या हाताला कुणी नाव ठेवलं होतं!

ह्यांनी विहीणबाईंच्या करंज्या खाल्ल्या, पुन्हा मागून खाल्ल्या. गल्लीतल्या लेकरांना केक वाटला. ऊन उतरलं तशी निघायची घाई सुरू झाली. विहीणबाई उतरल्या, जावई उतरले. लेक उठली, ह्यांच्या पाया पडली आणि फळीवरून खाली पाय सोडणार, तेवढ्यात हे माझ्यावर खेकसले.

"आगं, लेक माहेराहून निघाली की! अशीच रिकामी लावतीस का? ओटी भर तिची."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, टेम्पो घर म्हणजे तिचं माहेरच की! मी म्हणलं, "कशानं भरू? तुम्हीच ओटीबिटी न्हाई म्हणलात. नारळ न्हाई, गहू न्हाई."

ह्यांनी परातीतून केकाचा भलामोठा तुकडा दोन्ही हातांनी उचलून माझ्या ओंजळीत दिला. "ह्यानं भर."

"केकानं?"

"मैदा कशाचा असतो? गव्हाचाच ना? भर म्हणतो ना."

मी भरली. लेकीनं ओढणी पसरली होती, तुपाचे डाग पडले तिच्यावर, भुगा सगळीकडं सांडला, आणि ती नवी ओढणी तशीच छातीशी धरून ती बापासमोर हुंदके देऊन रडायला लागली. हे तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, हाताला केक लागला होता म्हणून धोतराला पुसला, आणि मग ठेवला.

"रडू नको. संक्रांतीला न्यायला येतो," म्हणाले. "ह्या घरात लई अडचण होते. त्या घरी ये."