माणूस काढलेला कोट

दुकानात तिला सगळे टाचणी म्हणतात. ओठांच्या कोपऱ्यात सदा दोन-चार टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं दात आवळून, आणि बोललीच तर टोचणारं. नाव कुणी ठेवलं देव जाणे, पण ठेवणाऱ्याचं काही चुकलं नाही. दुकान जुन्या कपड्यांचं. आता 'जुने' हा शब्द मालकिणीपुढे उच्चारायची सोय नाही. तिच्या मते ते विंटेज असतात. "जुनी मी आहे, कपडे विंटेज आहेत," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते आणि गिऱ्हाइकं हसतात. न हसून सांगतात कुणाला!

माल येतो तो घराघरांतून. कुणी वारलं, कुणी घर विकून मुलाकडे निघालं, की फोन येतो: कपाट रिकामं करून न्या. मग टाचणी जाते. घरातली माणसं दाराशी घुटमळत उभी असतात, आणि ही हँगरवरून एकेक कपडा उचलून काख बघते, अस्तर बघते, खिशात हात घालते आणि तीन ढीग करते: टांगायचं, दुरुस्त करायचं, चिंध्या. मागे रडारड सुरू झाली की ती कपाटाचा वरचा कप्पा बघायला घेते. दगड आहे बाई, असं बऱ्याच घरांनी तिच्या पाठीमागे म्हटलं असेल. म्हणोत बापडे. दुसऱ्याच्या कपाटापुढे आपणच डोळे पुसत बसलो तर कपाट आवरायचं कुणी?

त्यानंतरचं काम दुकानाच्या मागच्या खोलीत. त्याला तिथे म्हणतात 'माणूस काढणे'. ऐकायला भयंकर वाटतं, पण आहे अगदी साधं. कपडा वर्षानुवर्षं अंगावर राहिला की त्याला त्या माणसाचा आकार येतो. कोपराशी फुगतो, गुडघ्याशी लोंबतो. ज्याला एकाच खिशात हात घालून उभं राहायची खोड, त्याचा तेवढाच खिसा ओघळलेला. पोक काढून चालणाऱ्या बाईच्या कोटाची पाठ ताणलेली. अशा कोटात नवं गिऱ्हाईक शिरलं की त्याला काहीतरी खटकतं. काय ते सांगता येत नाही, पण कोट परत हँगरवर जातो. म्हणून वाफ द्यायची, ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवायची, ताणलेलं आखडून घ्यायचं, आतली ठिगळं-बिगळं उसवायची आणि पुतळ्यावर चढवून खांदे एका पातळीत आणायचे. माणूस निघून जातो, नुसता कोट उरतो. या कामात टाचणीचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आणि मग तिची ताई गेली.

ताई तिच्याहून मोठी. दाजी आधीच गेलेले, मुलगी नोकरीपायी लांबच्या थंड गावात, आणि ताई एकटी दोन खोल्यांत. लहानपणी ती झाडावरून पडली होती आणि हाड जुळलं ते वेडंवाकडंच, म्हणून तिचा एक खांदा जरा उतरता राहिला. फार नाही, दोन बोटं. पण वयात आल्यावर ती दोन बोटं तिला डोंगराएवढी वाटायला लागली. आरशापुढे उभी राहून हुंदके द्यायची. मग धाकटीने कंबर कसली. कापसाची चपटी गादी करून कोटाच्या आत शिवली, रुमालाची गाठ एका बाजूला घेतली, कधी पिन लावली, कधी पर्सचा पट्टा असा काही टाकला की बघणाऱ्याची नजर तिथून घसरून भलतीकडेच जावी. आज दुकानात ती पोरींना "रुमाल असा घे, पट्टा तसा टाक" म्हणून शिकवते ना, ते सगळं ती ताईच्या अंगावर शिकली. ताई म्हणायची, "मला सरळ केलंस, आता तुझ्या दाजींना कर." दाजी शेवटपर्यंत काही सरळ झाले नाहीत, तो भाग वेगळा.

तपकिरी कोटही दोघींनी मिळूनच घेतला होता, रस्त्याकडेच्या जुन्या बाजारात, ढिगाच्या तळातून उपसून. जाड लोकर, शिंगाची बटणं, कॉलर रुंद. टाचणी मख्ख चेहरा करून "बाह्या आखूड आहेत, अस्तर गेलंय" असं कुरकुरत भाव पाडत होती, तेवढ्यात ताई मागून म्हणाली, "अगं, काय सुंदर आहे!" झालं! विक्रेत्याने हाताची घडी घातली आणि मग काही केल्या उतरेना. घरी येईपर्यंत टाचणी तिच्याशी बोलली नाही. पण त्याच दिवशी तिने त्यात गादी शिवून दिली, आणि पुढे दर थंडीत ताई त्याच कोटात दिसायची.

ताई गेली तेव्हा टाचणी रडली नाही. दाढ काढायला सुई मारली की गाल जसा होतो, आपलाच असून आपला नसल्यासारखा, तशी ती सगळीच्या सगळी झाली होती. लोक भेटायला आले, तिने खुर्च्या मांडल्या, चहा केला, कपबश्या विसळल्या. एका शेजारणीच्या जाकिटाचं बटण लोंबत होतं, तर समाचाराला आलेल्या त्या बाईला बसवून हिने ते शिवून दिलं. शेजारीण नंतर जिन्यात काय म्हणाली असेल ते सांगायला नको. भाचीचे मात्र डोळे सुजून गेले होते. निघताना ती म्हणाली, "मावशी, घर तूच आवर. माझ्याच्याने नाही होणार. मला काही नको, फक्त आईचा तपकिरी कोट हवाय. अस्तर फाटलंय, तेवढं शिवून ठेव. पुढच्या खेपेला नेईन."

"ठेवते."

"तिकडे खोलीवर आले की घालून बसेन. तेवढीच आई."

"ठेवते म्हटलं ना," टाचणी म्हणाली.

मग तिने ताईचं कपाट उघडलं आणि तीन ढीग केले. हँगर, काख, अस्तर, खिसा. एक कागद नाही की नाणं नाही, ताई नीटनेटकी. हात चालत होते, त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. तपकिरी कोट दुरुस्तीच्या ढिगात गेला, ढीग गाठोड्यात गेला, गाठोडं मागच्या खोलीत आलं.

दुकानात त्या दिवसांत हीऽ गर्दी. एका तरुणाला आजोबांसारखं दिसायचं होतं. त्याला तिने वास्कीट चढवलं आणि मागचा पट्टा आवळून दिला. "मोबाईल वरच्या खिशात ठेवायचा नाही, आजोबा ठेवत नव्हते," असंही बजावलं. एका बाईला हातमोजे हवे होते, पण हात मावेनात. "हातमोजे हातात धरायलाही असतात," टाचणी म्हणाली, आणि बाई ते ऐटीत हातात धरून गेल्या. मधल्या मधल्या वेळात मागच्या खोलीत वाफ चालू. एका दुपारी तिच्या हाताशी तपकिरी कोट आला. तिने जुनं अस्तर काढलं, आतली गादी उसवून चिंध्यांच्या पोत्यात टाकली, लोकर वाफवली, खांद्यांवर ओलं फडकं घालून इस्त्री दाबली, नवं अस्तर बसवलं. पुतळ्यावर चढवून दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. चोख. मालकीण आत डोकावली आणि म्हणाली, "हा खिडकीत लावू या का गं?"

"विकायचा नाही. ताईचा आहे."

मालकीण बाहेर गेली. टाचणीने पुढचा कोट घेतला. चिंध्यांचं पोतं नेहमीप्रमाणे चिंध्यावाला घेऊन गेला.

भाची आली ती सकाळची, स्टेशनावरून थेट. मागच्या खोलीत शिरली, पुतळ्याला वळसा घालून गेली आणि दांडीवरचे कपडे चाळायला लागली.

"कुठे ठेवलास?"

"अगं, हा काय तुझ्यापुढे."

भाचीने वळून पाहिलं. मग कोट उतरवून अंगात घातला, बटणं लावली, आरशापुढे उभी राहिली. टाचणी तिच्या मागे. भाचीने बाह्या ओढून पाहिल्या, कॉलर चाचपली.

"छान झालाय," ती अखेर म्हणाली. "नवाच वाटतोय." मग अगदी हळू, मावशीला वाईट वाटू नये अशा बेताने, "पण मावशी, हा नक्की आईचाच ना?"

तेव्हा टाचणीच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते. ज्या पोरीला तेवढीच आई हवी होती, तिच्या कोटातून हिने आई काढून टाकली होती, आणि तीही किती सफाईने!

"आईचाच आहे," ती म्हणाली. "आतली गादी काढून मी खांदे सरळ केले त्याचे. तुझ्या आईचा एक खांदा उतरता होता ना."

"आईचा?"

"तुला माहीत नाही?"

भाची विचारात पडली. "वाकडी उभी राहायची, ते माहितीय. पण आई म्हणजे तशीच असते असं वाटायचं मला. त्यात काय बघायचं?" मग तिचा चेहरा जरा उजळला. "पुन्हा तसा कर ना. येईल ना करता?"

"न यायला काय झालं? हातचा मळ आहे माझा."

टाचणीने खडू घेतला आणि भाचीच्या खांद्याकडे हात नेला. हात मधेच थांबला. मग दुसऱ्या खांद्याकडे गेला. तिथेही थांबला.

कुठला?

ताईला समोरून पाहिलं तर एक बाजू, मागून पाहिलं तर दुसरी, आरशात पाहिलं तर आणखी उलट. आणि इतकी वर्षं टाचणीने कधी डावा-उजवा असा विचारच केला नव्हता. ताई पुढ्यात उभी राहायची आणि हात आपोआप जायचा. आज ताई नव्हती तर हाताला वाट सापडत नव्हती. तिने नवं अस्तर टराटरा उसवून आत पाहिलं. गादीच्या टाक्यांची भोकं कुठे दिसतात का? छे. चांगली लोकर वाफेवर भोकं मिटवून टाकते, आणि वाफ देणारी कोण, तर हीच. भाचीने मोबाईलवरचे जुने फोटो उघडून दाखवले. ताई रुमालात, ताई शालीत, ताई पर्स अडकवून, ताई लग्नाच्या घोळक्यात. टाचणीने एकेक फोटो बोटांनी ताणून मोठा करून पाहिला. सगळ्यांत ताईचे खांदे सरळ. तिचं स्वतःचंच काम, आणि कुठे नाव ठेवायला जागा नाही.

बाहेरून मालकिणीने हाक मारली, गिऱ्हाईक खोळंबलं होतं. टाचणीला ऐकू आलं नाही.

"जाऊ दे गं मावशी," भाची म्हणाली, अगदी मायेने. "कुठलाही एक कर. मला काही कळणार नाहीये."

टाचणीला म्हणायचं होतं, अगं, मला कळेल. त्यासाठी तिने तोंडही उघडलं.

"मलाही नाही कळणार," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला रडू फुटलं. ताई गेली, हे तिला तेव्हा कळलं.