दाराच्या कडीला ओढणी

लेकीच्या दुखण्याला डॉक्टरीणबाईंनी दोन नावं सांगितली, एक मूडचं, एक वागण्याचं. दोन्ही इंग्रजी. त्याआधी आमच्याकडे तिच्यासाठी एकच मराठी नाव होतं, आगाऊ.

पंधरा वर्षांची पोर. चिडली की हाताला येईल ते भिरकावायची, मग भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. फुटलेल्या भांड्यांचं मला काही नव्हतं. एखाद्या दिवशी ही स्वतःलाच काही करून घेईल, या भीतीनं मला घास उतरत नव्हता. गोळ्यांचा गुण यायला वेळ लागेल, तोवर आत काही चढायला लागलं की तिला आधी सांगता आलं पाहिजे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तोंडानं सांगता आलं असतं, तर आमच्या कपाटाची काच शाबूत नसती का?

मी चाकणला एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर आहे. तिथं प्रत्येकीच्या डोक्यावर एक दोरी असते. काम हाताबाहेर जातंय असं वाटलं की ओढायची. दिवा लागतो, लीडर धावत येतो. त्यानं रागवायचं नाही, ‘का’ म्हणायचं नाही. आधी एवढंच विचारायचं, “काय पाहिजे?”

लेकीला म्हटलं, “तूपण दोरी ओढत जा. तुझी लाल ओढणी स्वयंपाकघराच्या कडीला अडकव. कुणी काही बोलणार नाही.”

“आई, मी काय तुझी कंपनी आहे?”

“आता घरात ओव्हरटाइमपण सुरू कर,” नवरा म्हणाला.

ओढणी आपली खुंटीवरच राहिली. मध्यंतरी मिक्सरचं भांडं गेलं, तिचा मोबाइल गेला. शिफ्टवरून आले की मी आधी कडीकडे बघायची, मग गॅसकडे.

एका रविवारी मोशीहून नणंद आली. लेक आतल्या खोलीत आहे हे ठाऊक असूनही तिनं आवाज खाली आणला नाही. “आमच्या घराण्यात असलं कुणाला न्हाई. लाडानं डोक्यावर बसवलीय, दुसरं काय! आमी नव्हतो व्हय लहान?” घराण्यात कोण कोण बिनऔषधाचं फिरतंय ते मला माहीत होतं, पण मी चहा ओतत राहिले.

तेवढ्यात लेक बाहेर आली. ओठ घट्ट मिटलेले होते. तिनं ओढणी कडीला अडकवली आणि तिथंच उभी राहिली.

“ह्ये काय नवीन?” नणंद म्हणाली.

मी गाळणी खाली ठेवली. “काय पाहिजे?”

“आत्याला घरी पाठव.”

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. सासरच्या माणसाला चहा पुढ्यात असताना उठवायचं, म्हणजे संध्याकाळपर्यंत अख्ख्या मोशीत बोभाटा. पण दोरी ओढली होती. पहिल्यांदा, काही फुटायच्या आधी.

“ताई, चला,” मी म्हटलं, “गाडीवर सोडते.”

नवरा लेकीजवळ थांबला. पुन्हा या घरात पाऊल ठेवणार न्हाई, हे नणंद मोशी येईपर्यंत मागून ऐकवत होती. हेल्मेटमुळे मला निम्मंच ऐकू आलं.

परत आले तर कडीला ओढणी नव्हती. कपबश्या ट्रेमध्ये होत्या तशाच होत्या, एकीला टवकाही गेला नव्हता. नणंदेचा गार चहा मी उभ्याउभ्याच पिऊन टाकला आणि ओट्याला टेकून आनंदानं हमसाहमशी रडले.

आवाज ऐकून लेक दारात आली. तिनं ‘का’ म्हटलं नाही.

“आई,” ती म्हणाली, “काय पाहिजे?”