बावड्याच्या पिनांवरचे डाग

दिल्लीत संरक्षण उद्योगाचं धोरण ठरवणाऱ्या खात्यात मी वरिष्ठ अधिकारी आहे. लष्कराच्या गाड्यांचे सुटे भाग कुणी बनवायचे आणि कुणी नाही, याच्या शेवटच्या कागदावर माझी सही असते. ते भाग बनतात कुठं, हे मात्र कधी पाहिलं नव्हतं. म्हणून या हिवाळ्यात पुण्याहून सकाळीच गाडी काढली. मी मूळची साताऱ्याची; आपल्याच मुलखात निघालेय म्हणून स्वारी जरा ऐटीत होती.

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पहिला धक्का बसला. मनात तेलकट, काळीकुट्ट शेड होती. इथं चपला बाहेर काढायला लावल्या! आत गावातल्याच मुली संगणकावर चालणारी यंत्रं हाताळत होत्या. मालक म्हणाले, "आमाला लेथ शिकवला तो बावड्याच्या तात्यांनी. त्यांच्याकडं जावा. पर त्यांचं काम बंद हाय सध्या. दिल्लीनं बंदी घातलीया."

इंदापूरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांमागं तासभर रखडलो, वर चाक पंक्चर. ड्रायव्हर चाक बदलेपर्यंत एका ट्रॅक्टरवाल्यानं उसाचं कांडकं हातात दिलं. ते खात मी कोणती बंदी असेल ते आठवत होते. आठवेना.

बावडा गावात तात्यांच्या वर्कशॉपची पाटी वाचली आणि आठवलं. हे नाव मी फायलीत वाचलं होतं. ब्रेकमध्ये बसणाऱ्या चारशे पोलादी पिना. तपासणीत प्रत्येकीवर पिवळी-तांबडी भुकटी आणि खाली गंजाचे डाग. 'हेतू अज्ञात, घातपाताची शक्यता नाकारता येत नाही,' असा शेरा. तीन वर्षांची बंदी मीच घातली होती.

तात्या सत्तरीचे, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर. त्यांची सून सुरेखा आता वर्कशॉप सांभाळते. मी नाव सांगितलं, दिल्लीहून आलेय, वाटेत चाक पंक्चर झालं म्हणाले; पदाचं काही बोलले नाही. मग विचारलं, "ती भुकटी कसली होती?"

सुरेखा खाली बघत म्हणाली, "हळदीकुंकू, म्याडम."



"खंडेनवमी व्हती," तात्या म्हणाले. "त्या दिशी मशिनीची पूजा असतीच. सूनबाई म्हनली, माल जवानांकडं जायाचाय, त्यालाबी लावू. एकेका नगाला (एकेका पिनेला) बसून लावलं तिनं. कुंकू वलं व्हतं, त्यानं डाग धरलं. चूक आमचीच. तसं पत्रबी धाडलं व्हतं."

अहो, खंडेनवमीला आमच्या घरी वडिलांच्या सायकलपासून विळीपर्यंत सगळ्यांना हळदीकुंकू लागायचं. मी मराठी बाई, रोज सकाळी कपाळाला कुंकू लावते. आणि पिवळी-तांबडी भुकटी म्हटल्यावर मला शत्रूचा हात दिसला! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते मी सहीशिक्का मारून करून दाखवलं होतं.

दोन लेथ ताडपत्रीखाली झाकलेले होते. सुरेखा म्हणाली, "तिसरा इकला. हे दोन गेलं की तात्या न्हाय टिकायचं, म्याडम." तात्यांनी तिला दटावलं आणि पानं वाढायला सांगितली. उजनीच्या चिलापीचं (धरणातल्या माशाचं) झणझणीत कालवण आणि बाजरीची भाकरी. ती सही माझी, एवढं सांगायचं होतं. नाही सांगवलं. लाज वाटली, आणि भीतीही.

दिल्लीला परतल्यावर आधी ती फाईल मागवली. तळाशी तात्यांचं पत्र होतं, मराठीत, सुवाच्य अक्षरात. वर चिठ्ठी: 'भाषांतर व्हायचे आहे.' त्या मजल्यावर मराठी वाचता येणारी मी एकटीच, आणि मी पानही उलटलं नव्हतं. इतकी वर्षं मी कागद वाचून देश चालवते अशा घमेंडीत होते. कागदसुद्धा धड वाचला नव्हता. त्याच दुपारी बंदी उठवल्याचा आदेश काढला आणि तात्यांना स्वतः फोन लावला.

"तात्या, बंदी उठली. नव्या पिना करून पाठवा." मग धीर केला. "आणि ती बंदीची सही माझी होती. तुमच्या घरी जेवले, पण सांगितलं नाही."

पलीकडं ताडपत्री ओढल्याचा आवाज आला.

"ठावं हाय की," तात्या म्हणाले. "कागदावर नाव व्हतं तुमचं. तुमी दारात नाव सांगितलं तवाच सूनबाईनं वळखलं."

"तरी जेवू घातलंत?"

"मग? पंक्चर काढून, उनातनं आल्यालं मानूस. उपाशी धाडायचं व्हय?"