जक्काप्पावरचा खटला

साळूबाईचं माहेर जतकडचं, त्यामुळं तिचं बोलणं निम्मं कानडी. लग्न होऊन ती साताऱ्याजवळ कोडोलीला आली आणि कानडी बोलायला माणूसच उरलं नाही. मग ती म्हशीशी बोलायची. म्हैस ऐकून घ्यायची.

नवरा अर्जुना पलटणीत होता. लढाई लागली तसा तो आधी आफ्रिकेत गेला, तिथून इटलीत, जर्मनांशी लढायला. आणि इकडं साताऱ्याबाहेर सरकारनं जर्मन लोकांचाच कॅम्प बसवला. त्यात शिपाई कुणी नव्हते. लढाई सुरू झाली तेव्हा हिंदुस्थानात सापडलेले पाद्री, त्यांच्या बायका, पोरं आणि म्हातारी माणसं. त्यांना दूध लागायचं, आणि साळूबाईच्या म्हशीला दूध होतं.

"नवरा जर्मनास्नी गोळ्या घालतुया आन् बायकू दूध घालतीया," दीर भाऊसो म्हणाला.

"दोगंबी सरकारच्याच हुकमानं," असं म्हणून साळूबाईनं चरवी डोक्यावर घेतली.

कॅम्पातल्या पहिल्याच दिवशी एका पांढऱ्या केसांच्या उंच बाईनं चरवीत डोकावून पाहिलं आणि ती स्वतःशीच पुटपुटली, "नीर हाक्याळ." पाणी घातलंय हिनं, असं कानडीत. साळूबाईनं चरवी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि कानडीतच सुनावलं, की पाणी घातलेलं नाही, म्हशीनं ओला चारा खाल्लाय, आणि दुसऱ्याला नाव ठेवायच्या आधी बाईनं जरा विचारावं. बाई बघतच राहिली. धारवाडकडं मिशनच्या शाळेत तिची तीस वर्षं गेली होती. तिचं नाव एमा. दोघी पायरीवर बसल्या आणि त्या दिवशी बाकीच्यांना दूध मिळायला दुपार झाली. आठवड्याभरात एमाची एमव्वा झाली आणि साळूबाईची साळव्वा.

चव्वेचाळीस सालच्या दसऱ्यानंतर एमव्वानं सांगितलं, की आम्ही इथं आमच्या गल्लीची जत्रा भरवणार आहोत.

"द्याव कुटला?"

देव तसा कुठला नाही, एमव्वा म्हणाली. चर्च बांधून झालं त्या दिवसाची जत्रा. तिच्या गावात गल्लीगल्लीची वेगळी भरते. उंच झाड तोडून आणून चौकात रोवायचं, त्याला पानांचं कडं आणि रंगीत फिती बांधायच्या. खायचं, नाचायचं. आणि एक पेंढ्याचा माणूस करून खांबावर बसवायचा. जत्रा संपताना त्याच्यावर खटला भरायचा. वर्षभरात गल्लीत जे जे वाईट झालं ते सगळं त्यानंच केलं, असं ठरवायचं, त्याच्यासाठी रडायचं आणि त्याला जाळायचं. त्याचं नाव त्साखेउस.

"जक्काप्पा," साळूबाई म्हणाली. जतकडं हे नाव घरटी एक असतं. तिला सगळी रीत पटली. गावात भांडण झालं की कुणाच्या तरी माथी मारावंच लागतं, मग पेंढ्याच्या मारलं तर बिघडलं कुठं?

कॅम्पाच्या गोऱ्या साहेबानं परवानगी दिली. ती इंग्रजीत होती आणि कागदावर होती, त्यामुळं नाक्यावरच्या पोलिसापर्यंत ती पोचली नाही. ते दिवस असे, की साताऱ्याच्या गावोगाव सरकारची कोर्टं ओस पडली होती आणि भूमिगत पोरं रानात कोर्ट भरवून न्याय देत होती. दोषी ठरला की तळपायावर काठ्या. खटला म्हटलं की पोलीस कान टवकारायचे. आणि साळूबाई भाताच्या पेंढ्याचा भारा डोक्यावर घेऊन नाक्यावर आली.

"पेंढा कशाला गं?"

"खटल्याला."

तिला भाऱ्यासकट चौकीत नेलं. फौजदार जाडजूड होता, चष्मा लावायचा आणि हळू बोलायचा.

"खटला कुणावर आहे?"

"जक्काप्पावर."

"गाव?"

"जर्मनी म्हनायचं. नाव आमच्याकडलं हाय."

"गुन्हा काय त्याचा?"

"सगळं."

फौजदारानं चष्मा काढून पुसला. "सगळं म्हणजे?"

"जे झालं ते समदं त्यानंच केलं, साहेब. आयतवारी ठरवायचं आन् जाळायचं."

"आणि हा पेंढा?"

"त्याच्याबिगर त्यो जळंल कसा?"

साळूबाई एक अक्षर खोटं बोलली नव्हती. फौजदारानं तिला सोडून दिलं, पण अशासाठी, की रविवारी तिच्या मागोमाग जाता यावं आणि जक्काप्पा नावाच्या गरिबाचा जीव वाचवता यावा.

रविवारी कॅम्पात सुरूचं झाड उभं राहिलं. एका म्हाताऱ्यानं पट्ट्यानं छातीवर बांधलेली पेटी वाजवली. गुळाच्या पाकातल्या जाड बिस्किटांना पिंपळपानासारखा आकार दिला होता. पोरांनी ती दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आणि संध्याकाळ व्हायच्या आत गळ्यातल्या गळ्यात खाऊन टाकली. साळूबाईनंही एक घातलं. चव बरी होती, सुंठ जास्त झाली होती.

मग जक्काप्पाला खांबावरून उतरवलं. फाटका कोट, काळी टोपी, कोळशानं काढलेल्या मिशा. पाद्रीबाबा न्यायाधीश. एकेकजण पुढं येऊन गुन्हा सांगू लागला आणि एमव्वा साळूबाईला कानडीत समजावू लागली. पाव फुगला नाही, यानं केलं. छत गळलं, यानं केलं. दोन बहिणींनी पावसाळाभर अबोला धरला, यानं केलं. लोक हसत होते. मग एमव्वा स्वतः पुढं झाली आणि थोडंच बोलली. तेवढं मात्र तिनं समजावून सांगितलं नाही. लोक हसायचे थांबले. शेजारच्या बाईनं मोडक्या हिंदीत सांगितलं, की हिचा मुलगा तिकडं लढाईत आहे आणि दोन वर्षांत त्याची खबर नाही.

साळूबाईनं पदर खोचला आणि तीही पुढं गेली.

"आमच्या मालकाचं आठ म्हैनं पत्र न्हाई," ती जक्काप्पाकडं बघून मराठीत म्हणाली. "त्ये तूच केलंस. मला ठावं हाय."

तिला वाटलं होतं, बोलून बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. पण पेंढ्याचं ते डोकं एका बाजूला कललं होतं, जणू ऐकून घेत होतं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिथं रडायची रीतच होती, त्यामुळं कुणी बघितलं नाही.

तेवढ्यात फौजदार आठ शिपायांसह कुंपणातून आत आला. "खबरदार! त्या माणसाला हात लावू नका!"

पेटी थांबली. एका शिपायानं धावत जाऊन जक्काप्पाला मिठी मारली आणि बाजूला ओढलं. जक्काप्पाचा हात शिपायाच्या हातात राहिला.

फौजदार बराच वेळ त्या हाताकडं बघत उभा होता. मग त्याला आठवलं, की आठ शिपाई बघताहेत.

"विनापरवाना जाळपोळीचा बेत," तो म्हणाला. "मुद्देमाल जप्त करा."

जक्काप्पा टांग्यातून चौकीत गेला. गोऱ्या साहेबानं दुसऱ्या दिवशी परवानगीचा कागद पाठवला, पण मुद्देमाल एकदा पंचनाम्यात आला की सहज बाहेर येत नाही. इकडं कॅम्पात झाड तसंच उभं. जक्काप्पा जळल्याशिवाय जत्रा संपत नाही, आणि जत्रा संपल्याशिवाय झाड काढता येत नाही. फिती वाऱ्यानं फाटू लागल्या. एमव्वा झाडाकडं बघायचं टाळायची.

साळूबाई दूध घालून परतताना रोज चौकीत डोकावू लागली. जक्काप्पाला कोपऱ्यात बाकावर बसवलं होतं. एका शिपायानं त्याचा हात सुतळीनं शिवून दिला होता. आणि चौकीत एक गंमत सुरू झाली होती. कुणाची लाठी हरवली, "जक्काप्पानं नेली." कुणी उशिरा आला, "जक्काप्पानं अडवलं." शिपाई आधी एकमेकांवर वसावसा ओरडायचे, ते आता चहा पीत बसायचे.

शेवटी ती फौजदारासमोर उभी राहिली. "साहेब, त्याला सोडा. मी जामीन ऱ्हाते."

"पेंढ्याला जामीन?"

"पळून जायाचा न्हाई त्यो."

फौजदार हसला नाही. "घेऊन जा," तो म्हणाला.

डोक्यावर जक्काप्पा घेऊन साळूबाई साताऱ्याच्या भर पेठेतून गेली. लोकांनी विचारलं, हे कोण? "चौकीतनं सुटलाय," तिनं सांगितलं.

दिवेलागणीला खटला पुढं चालू झाला. न्यायाधीशानं विचारलं, आणखी काही गुन्हा? कुंपणापाशी साध्या धोतर-कोटात फौजदार उभा होता. एकटाच. साळूबाई त्याच्याकडं गेली.

"आमचा मुलगा हरी," तो तिला हळूच म्हणाला, "सांगलीच्या कॉलेजात होता. वर्ष झालं, कॉलेज सोडून गेला. आता रानात त्या भूमिगत पोरांतच आहे म्हणतात. मी त्याला शोधायचं, म्हणजे पकडायचं." तो थांबला. "तेही याच्या नावावर घाला."

साळूबाईनं तो गुन्हा जाऊन सांगितला, कानडीत, आणि एमव्वानं त्याचं जर्मन केलं. नाव दोघींनीही घेतलं नाही. जक्काप्पा दोषी ठरला. पेंढा दमट होता, आधी नुसताच धूर झाला, सगळ्यांच्या डोळ्यांत गेला, मग एकदम पेटला. दुसऱ्या दिवशी झाड काढलं.

अर्जुनाचं पत्र संक्रांतीला आलं. लढाई संपली. कॅम्प उठला तेव्हा एमव्वाला मुंबईहून बोटीत बसवलं. तोवरही मुलाची खबर आलेली नव्हती. निघताना तिनं साळूबाईचे दोन्ही हात धरले आणि म्हैस बरी आहे ना, एवढंच विचारलं.

अर्जुना सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात आला, डाव्या हाताची दोन बोटं घालवून. सगळा गाव भेटून गेल्यावर साळूबाईनं त्याला विचारलं, "तितं जर्मनांत एक उंच पोरगा दिसला व्हता का? आमच्या एमव्वाचा?"

अर्जुनानं चेष्टा केली नाही.

"तितं नाव कोन इचारतंय?" तो म्हणाला.

"व्हय," साळूबाई म्हणाली, आणि तिनं त्याच्यापुढं ताट सरकवलं.